दुसऱ्या मजल्यावरचा समुद्र

खाऱ्या पाण्याच्या टाकीची एक खोड असते. बारीक थेंब काठावर उडतात, पाणी वाळून जातं आणि मीठ मागे उरतं. आज पुसा, परवा पुन्हा पांढरी कड हजर! आमच्या किश्शांचंही अगदी तसंच आहे. सगळे सांगून मोकळी झाले म्हणते, तोवर नवे जमलेले असतात. मग काठ फारच पांढरा दिसायला लागला की मी कुणाला तरी धरून बसवते. आज तुम्ही सापडलात.

आधी मंडळी सांगते. मी वैशाली, ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. नागपूरच्या बेसा भागात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. घरात नवरा सुधीर आणि सासूबाई. आई काटोलकडच्या, सगळा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला. बाहेरचे दोघं म्हणजे जरीपटक्यात कूलरचं दुकान असलेला लखीभाई आणि वाडीला ट्रान्सपोर्टचं गोडाऊन चालवणारा प्रशांत. लखीभाई, प्रशांत आणि मी, आम्हा तिघांना एकच वेड. घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवायचं. जिवंत!

आता देशाच्या नकाशात नागपूर इतकं मधोमध आहे, की कुठल्याही दिशेनं निघालात तरी समुद्र सारखाच लांब. म्हणजे हे वेड लागण्यासाठी याहून चुकीचं गाव शोधूनही मिळणार नाही.

*

मला हे वेड लागलं ते लखीभाईच्या दुकानात. गेले होते कूलरचा पंप बदलायला. दुकानाच्या मागच्या खोलीत निळा उजेड दिसला म्हणून डोकावले, तर टाकीत बटणाएवढी फुलं. हिरवी, नारिंगी, जांभळी. सगळी एकाच तालात हलताहेत. मी काचेजवळ गेले आणि लखीभाईनं वरून कसलासा चुरा टाकला. त्या फुलांनी तो चक्क गिळला!

"भाभी, ये फूल नहीं है," लखीभाई म्हणाला. "जनावर आहे. आणि हे आमच्या दुकानात वाढलं."

पंप तिथेच विसरून मी घरी आले आणि जेवताना जाहीर केलं, "हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवायची आहे. चार फुटांची. त्यात प्रवाळ वाढवायचं."

सुधीर बँकेत आहे. कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायची त्याला सवय आहे. पण त्या दिवशी तो नाही म्हणाला नाही. शांतपणे पोळीचा घास मोडला आणि म्हणाला, "आपल्या बिल्डिंगले प्यायचं पाणी टँकरनं येते. आणि तू समुद्र आणून राहिली?"

आई मात्र एकदम खूश. "आण वं पोरी, आण! मी समुद्र कधी पाह्यलाच नाई."

दोन विरुद्ध एक. ठराव पास!

*

पहिला प्रश्न वजनाचा. काच, पाणी, दगड, वाळू, खालचं लोखंडी स्टँड, सगळं मिळून सहाशे किलोच्या घरात. प्रशांतनं त्याच्या ओळखीचा एक इंजिनिअर आणला. त्यानं बीम पाहिले, भिंत ठोकली, बिल्डरचा नकाशा उलटसुलट केला आणि म्हणाला, "या भिंतीला लावून ठेवा, चालेल. हॉलच्या मधात नको."

"पण सहाशे किलो म्हणजे नेमकं किती?" सुधीरनं विचारलं. बँकेतला माणूस, पण प्रश्न बघा!

इंजिनिअरनं समजावून सांगितलं, "असं समजा, आठ पैलवान एका जागी उभे आहेत. आणि ते कधीच घरी जात नाहीत."

दार उघडं होतं. नेमके त्याच वेळी आमच्या खालच्या फ्लॅटमधले देशकर काका जिन्यानं वर येत होते. रेल्वेतून रिटायर झालेले, एकटेच राहतात, स्वभावानं घाबरट. त्यांनी मधलं काही ऐकलं नाही. फक्त आठ पैलवान, एका जागी, आणि घरी जाणार नाहीत, एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी काका जिन्यात उभे. "आले का?"

"कोण, काका?"

"पैलवान."

मी त्यांना आत बसवून सगळं समजावलं. नकाशा दाखवला, बीम दाखवला. काकांनी मान हलवली, चहा घेतला, खाली गेले आणि त्या कोपऱ्यातला आपला दिवाण ओढून स्वयंपाकघरात नेला! पुढे कितीतरी दिवस ते फोडणीच्या वासात झोपत होते. आमच्याकडे चार पाहुणे जरी आले तरी खालून फोन यायचा, "सूनबाई, आज वरती किती जण आहेत? पैलवान धरून सांगा!"

*

टाकी आली त्या दिवसाचं काय सांगू!

लिफ्टमध्ये ती मावणार नाही हे माहीत होतं, म्हणून प्रशांत वाडीहून गोडाऊनची सहा माणसं घेऊन आला. ट्रान्सपोर्टचा माणूस, त्याची शिस्त वेगळी. गाडीच्या बाहेर माल येत असेल तर लाल फडकं बांधतात ना, तसं त्यानं टाकीच्या चारही कोपऱ्यांना लाल फडकी बांधली. नवीकोरी, चकचकीत!

त्याच दिवशी आमच्या पार्किंगमध्ये तळमजल्यावरच्या मुलीचं लग्न. वरात गेटमधून आत येत होती. बँडवाल्यांनी पाहिलं की सहा माणसं लाल फडकी बांधलेली भलीमोठी काचेची पेटी घेऊन येताहेत, पुढे एक जण हात वर करून ओरडतो आहे, "सरका, सरका! सांभाळून!" बँडमास्तरला वाटलं, हा आहेर. त्यानं काठी फिरवली आणि बँड आमच्या टाकीमागे लागला!

बँड गेला म्हणून नाचणारे गेले. नाचणारे गेले म्हणून व्हिडिओवाला गेला. लखीभाई सगळ्यात पुढे, दोन्ही हात वर, नाचत नाचत उलट्या पावलांनी जिना चढतोय! प्रशांत घामाघूम होऊन ओरडतोय, "अबे नाचू नका बे! काच हाय काच!" आणि ते ऐकून क्लॅरिनेटवाला आणखी जोरात. जिन्याच्या वळणावर टाकी अडकली, तेव्हा नवरीच्या मामांनी स्वतः खांदा दिला. कशाला देतो आहोत, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

नवरदेव खाली एकटा. घोड्यावर!

इकडे वर आईंनी बँड ऐकला. वरात आपल्या दारावरून चालली असं समजून त्या निरांजन लावून, ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. बघतात तर समोर सहा हमाल, एक मामा आणि एक टाकी. माझी हसून हसून मुरकुंडी वळलेली. मी कसंबसं म्हटलं, "आई, ही वरात नाही, आपली टाकी आहे."

आईंनी एक क्षण विचार केला. "आता ताट हातात हाय, तं बिना ओवाळल्याचं कसं आत घेऊ?" आणि त्यांनी टाकीला कुंकू लावलं, ओवाळलं, वर तांदूळही टाकले. त्या टाकीच्या मागच्या काचेच्या कोपऱ्यात ते कुंकू अजून आहे. मी पुसलेलं नाही.

*

टाकी बसली, मीठ कालवलेलं पाणी भरलं, वाळू घातली, सच्छिद्र दगड रचले. आणि मग? मग काही नाही! कारण दगडांमध्ये आधी चांगले जंतू वाढावे लागतात. ते घाण पचवायला तयार झाले की मगच मासे आणि प्रवाळ आत. तोपर्यंत थांबायचं. आठवडेच्या आठवडे.

पंप चालू, दिवे चालू, आत फक्त गोटे. तेसुद्धा काही दिवसांनी तपकिरी शेवाळानं माखले. मी रोज कॉलेजातून आले की खुर्ची ओढून टाकीसमोर. टेस्ट ट्यूब, थेंब, रंग. सुधीर पेपरआडून बघायचा.

पाहुणे यायचे. वाकून वाकून बघायचे. "मासे लपले का हो?"

"मासे नाहीत अजून."

"मग हे?"

"हे दगड."

एकदा आईंच्या चुलत बहिणी काटोलहून आल्या. दोघी बराच वेळ टाकीसमोर बसल्या. शेवटी एकीनं हळूच विचारलं, "अवं, हे काय होय?"

आईंनी खोल श्वास घेतला. "काय सांगू बाई! लोक कुत्रं पाळते, मांजर पाळते. माया सुनेनं गोटे पाळले!"

*

आईंची आणि मिठाची गोष्ट छोटीच आहे, पण सांगते.

टाकीचं मीठ वेगळं असतं. बादलीभर येतं, त्यात बाकीचे क्षारही असतात, आणि खायचं तर मुळीच नसतं. ती बादली मी स्वयंपाकघराच्या गॅलरीत ठेवली होती. कैऱ्यांचे दिवस. मी घरी आले तर आई बादली उघडून, समोर फोडींचं पातेलं घेऊन बसलेल्या. मी चप्पल न काढता धावले. "आई, थांबा! ते टाकीचं मीठ आहे!"

"माहीत हाय मले," आई म्हणाल्या. "म्हणूनच तं उघडलं. ज्या मिठात जनावर जितं राहते, त्यात लोणचं काय मरन?"

लोणचं वाचलं. बादलीला मी कुलूप लावलं. तेव्हापासून आमच्या घरी दागिने कपाटात उघडे असतात आणि मीठ कुलपात!

*

शेवटी एकदाचे जंतू तयार झाले आणि प्रवाळ यायचा दिवस उजाडला. समुद्रातून तोडलेलं प्रवाळ घेणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. आम्ही घेतो ते मऊ जातीचं, दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढलेलं, त्याचा छोटा तुकडा. चेन्नईच्या एका शौकीन बाईंनी आपल्या टाकीतले तुकडे विमानानं पाठवले होते.

एप्रिल संपत आलेला. विमानतळावरून थर्मोकोलची पेटी घेतली, लखीभाईच्या गाडीत बसलो आणि निघताच एसी बंद पडला. लखीभाईनं गाडी बाजूला घेतली, थेट एका साड्यांच्या शोरूमसमोर. पेटी छातीशी धरून आत घुसला. एसीच्या झोताखाली गादीवर मांडी घालून बसला, पेटी मांडीवर. मी मागोमाग.

सेल्समन धावत आला. "या, या! काय दाखवू?"

लखीभाई पेटीवर हात फिरवत म्हणाला, "कुछ भी दिखाओ. पण सावकाश दाखवा. आम्हाला काही घाई नाही."

प्रशांत दुसरी गाडी घेऊन येईपर्यंत त्या बिचाऱ्यानं आख्खं कपाट उलगडलं. लखीभाई प्रत्येक साडीला मान डोलवून पेटीचं झाकण किंचित उचलायचा आणि आत बघून म्हणायचा, "हां, ये ठीक है." सेल्समनला वाटलं असेल, आत कुणाचा तरी फोटो आहे, त्याच्या पसंतीनं चाललंय! गाडी आली तशी मला लाज वाटली आणि मी एक साडी घेतली. नारिंगी. आजही ती नेसले की प्रशांत म्हणतो, "ताई, प्रवाळाची साडी!"

संध्याकाळी तुकडे दगडावर बसवले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बटण उघडलं. मग दुसरं. हिरव्या कडेचं, मधे नारिंगी. मी हाक मारायच्या आधीच मागे सुधीर उभा होता. बँकेतून लवकर आला होता. हातातली बॅग खाली न ठेवता तसाच वाकून बघत होता.

"हलून राहिलं," तो म्हणाला.

बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून काच पुसायचं काम त्यानं कुणालाच करू दिलं नाही!

*

आमच्याकडे प्रवाळ वाढतं ही बातमी बिल्डिंगभर झाली. फक्त बातमीत एक शब्द बदलला. प्रवाळाचं पोवळं झालं.

बी विंगमधल्या चौधरी काकू आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग खुर्ची पुढे सरकवली. "वैशाली, तुझ्याकडे पोवळं उगवते म्हणे?"

"उगवतं म्हणजे काकू, ते..."

"आमच्या नेहाले मंगळ हाय. सोनाराच्या पोवळ्याचा काय भरवसा, खरं का खोटं! तू आपलं ताजं दे. अंगठीत बसन एवढंच."

मी त्यांना टाकीपाशी नेलं. म्हटलं, काकू, हे जिवंत आहे, मऊ आहे, अंगठीत बसवलं तर तासाभरात वास मारेल. काकूंनी निरखून पाहिलं. "लहान हाय अजून. कडक व्हायले वेळ लागन, नाई? थांबू आम्ही."

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी नेहा स्वतः दारात. एकटीच. आत आली, दार लावून घेतलं.

"काकू, एक काम आहे. आई विचारेल, पोवळं किती वाढलं. तिला सांगाल का की अजून दोन वर्षं तरी लागतील?"

"का गं?"

नेहा लाजली. "माझं एकाशी जमलंय. त्याचं एमडी व्हायला दोन वर्षं आहेत."

आता चौधरी काकू दर महिन्याला येतात, काचेला नाक लावून बघतात आणि हताश होऊन विचारतात, "काहून वाढून नाई राहिलं वं हे?" आणि मी, केमिस्ट्रीची शिक्षिका, गंभीर चेहऱ्यानं सांगते, "काकू, त्याच्या अभ्यासावर आहे सगळं!"

*

प्रवाळ रुळल्यावर माशांची जोडी आली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, टाकीतच जन्मलेली. या माशांमध्ये मादी मोठी आणि तीच घरची मालक. नर लहान, तिच्या मागेमागे. आणि मादी मेली, तर नर स्वतःच मादी होतो! हे मी आईंना सांगितलं आणि फार मोठी चूक केली.

संक्रांतीचं हळदीकुंकू. हॉल बायकांनी भरलेला. देशकर काकांचा फोन येऊन गेलेला. आई टाकीसमोर उभ्या राहून सगळ्यांना समजावताहेत, "हे मोठी, ते बायको. हा लहानसा, तो नवरा. बायको गेली का मंग हा नवराच बाई होते आन् सारं घर सांभाळते!"

मग मागून चौधरी काकू उसासा टाकून म्हणाल्या, "आमच्या ह्यांले तं कुकरही लावता येत नाई!"

*

आता मे महिन्यातली ती दुपार.

नागपूरचा मे. बाहेर रस्ता वितळलेला. टाकीवर लखीभाईनं खास बनवलेले पंखे लावलेले होते. पाण्यावर वारा घातला की पाणी गार राहतं, कूलरचंच तत्त्व. सगळं छान चाललं होतं आणि दुपारी रस्त्यावरची डीपी उडाली. दणकन आवाज, काळा धूर, आख्ख्या भागात लाईट गेली.

इन्व्हर्टरवर टाकी काही वेळ चालली. मग तोही बसला. पंप थांबला, पंखे थांबले. टाकीचा तो कायमचा गुरगुर आवाज बंद झाला आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. पाण्याचा थर्मामीटर वर सरकत होता. उघडलेली सगळी बटणं मिटली. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. सुधीर पुठ्ठ्यानं वारा घालतोय, आई पदरानं. मी फोनवर रडतेय.

प्रशांत वाडीहून निघाला, ट्रकची बॅटरी आणि एक इन्व्हर्टर गाडीत टाकून. लखीभाई जरीपटक्याहून. पण शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायला वेळ लागणारच. तोपर्यंत काय?

"बर्फ!" सुधीर ओरडला. "बाटल्यांत जमवलेला बर्फ पाहिजे. पाण्यात सोडायचा नाही, बाटलीसकट तरंगवायचा!" हे त्याला कसं माहीत? नंतर कळलं, तो गुपचूप सगळं वाचत होता.

आमच्या फ्रीजरमध्ये एकच बाटली. सुधीर जिन्यात उभा राहून ओरडला. बँकेतला शांत माणूस, बनियनवर! आणि दारं उघडली. तळमजल्यावरून, बी विंगमधून, समोरच्या बिल्डिंगमधून. कुणी बाटली आणली, कुणी डबा, कुणी कुल्फीचा साचा. चौधरी काकू पिशवीभर घेऊन आल्या, "आमच्या पोवळ्याले काही होऊ देऊ नको वं!" देशकर काका जिना चढून धापा टाकत आले, दोन्ही काखांत एकेक बाटली. माणसं किती जमली हे मोजायचंही ते विसरले. हॉलमध्ये त्या दिवशी पैलवानांची तालीम भरली होती!

आम्ही बाटल्या आलटून पालटून पाण्यात सोडत होतो. थर्मामीटर थांबला. मग किंचित खाली आला. तेवढ्यात प्रशांत बॅटरी खांद्यावर घेऊन दारात. मागोमाग पोचलेल्या लखीभाईनं तारा जोडल्या. पंपानं एक उचकी दिली आणि पाणी हललं. हॉलमध्ये टाळ्या! अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत!

जरा वेळानं आईंनी टाकीत वाकून पाहिलं. तरंगणाऱ्या बाटल्यांमध्ये एक छोटी, पितळी झाकणाची, सीलबंद. वर लाल अक्षरात लिहिलेलं, गंगाजल. देशकर काकांची! घाईत देवघरातून उचललेली. तिच्यात बर्फच नव्हता.

काका ओशाळले. "वहिनी, हाताले जे आलं ते आणलं."

आईंनी ती बाटली बाहेर काढू दिली नाही. हात जोडले आणि म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. गंगा शेवटी समुद्रालेच भेटते!"

*

आणि आता हा शेवटचा.

सुधीरच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न कोकणात ठरलं. अगदी समुद्राकाठच्या गावात. आम्ही तिघंही जाणार, तर टाकी कोण बघणार? मी लखीभाईला विचारणार होते, पण देशकर काका स्वतःच वर आले. "किल्ली ठेवून जा. मी आहे."

मी त्यांना सगळं शिकवलं. खाणं किती, पाणी कुठपर्यंत, दिवे कधी. काकांनी मान हलवली. आम्ही स्टेशनवर पोचलो नाही तोच पहिला फोन. "पोचले का? इकडे सगळं ठीक आहे." मग दुसरा. "मोठीनं आज कमी खाल्लं." मग तिसरा, लखीभाईचा, "भाभी, हे काका मला टाकीला हात लावू देत नाहीत! म्हणतात, लांबूनच पाहा!"

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही आईंना समुद्रावर घेऊन गेलो. सत्तरी ओलांडलेली बाई, पहिल्यांदा समुद्र बघत होती. आम्हाला वाटलं होतं, काहीतरी बोलतील, हसतील. त्या मात्र नऊवारी किंचित वर धरून पाण्यात उभ्या राहिल्या. लाट आली, पावलांवरून गेली, खालची वाळू सरकली, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. पुन्हा लाट आली. मग त्यांनी दंड सोडला. पलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत बघत राहिल्या.

सुधीरनं न राहवून विचारलं, "आई, कसा आहे?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. देशकर काकांचा, व्हिडिओवर. त्यांचा चेहरा नाही, सगळ्या पडद्यावर आमची टाकी. निळा उजेड, उघडलेली बटणं, दगडासमोर ती नारिंगी जोडी.

"सूनबाई, पाहा, सगळे खुशाल आहेत," मागून काकांचा आवाज.

आईंनी हात पुढे केला. "दे बरं इकडे."

फोन घेतला. जोडीकडे बघितलं. मग फोन उलटा केला, हात लांब केला, आणि पडदा सावकाश समुद्राकडे फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हे पाहा रे लेकरांनो," आई म्हणाल्या, "हे तुमचं गाव!"

लाट आली, गेली. मी सुधीरकडे बघितलं, सुधीरनं माझ्याकडे. दोघांनाही हसू येत होतं.

तिकडे काकांनीही आपला फोन उलटा करून टाकीसमोर धरला असणार. मग देशकर काका, अगदी हळू आवाजात, जणू कुणाला त्रास होऊ नये,

"वहिनी, जरासं डावीकडे घ्या ना. मोठीले दिसून नाही राहिलं!"